मोठा डबा हट्ट्याला, बारका साखऱ्याला

एका मांडवात सख्ख्या बहिणींची लग्नं लावू नयेत, एकीचं नशीब दुसरीला जातं, असं आमची आत्या म्हणायची. आबा तिला हसण्यावारी न्यायचे. दोन मांडव, दोन आचारी, दोनदा गावजेवण, त्यापेक्षा एकच मुहूर्त बरा, असं त्यांचं साधं म्हणणं. आत्याचं ऐकायला हवं होतं असं मी आज म्हणते खरी, पण तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मीही आबांचीच बाजू घेतली असती. मला लग्नाची घाई झाली होती.

आम्ही कुरुंद्याचे. जातीने धनगर, पण आबांच्या काळापर्यंत मेंढरं नावापुरतीच उरली होती आणि घर हळदीवर चालायचं. आम्ही दोघीच बहिणी. आक्का मोठी, उंच, गोरी आणि कामाला वाघ. मी बुटकी, काळीसावळी आणि तोंडाने फटकळ. आक्काला स्थळं चालून यायची. मला बघायला आलेले पोहे खाऊन जायचे आणि चार दिवसांनी कोणाकडून तरी नकार कळवायचे. आमच्याकडचे पोहे चांगले असतात अशी ख्याती पंचक्रोशीत माझ्यामुळेच झाली असावी.

म्हणून हट्ट्याच्या एका मोठ्या बागायती घराने मला पसंत केलं, तेव्हा घरात कोणाचा विश्वासच बसेना. आक्काचं त्याआधीच साखऱ्याला ठरलं होतं. साखरा सेनगावच्या बाजूला, सगळी कोरडवाहू शेती. आक्काच्या सासऱ्यांकडे जमीन हट्टेकरांपेक्षा जास्त, पण विहिरीला पाणी नाही. माणसं कष्टाळू आणि मानी. आबांनी दोन्ही व्याह्यांना एकत्र बसवलं आणि चारचौघांच्या देखत शब्द दिला, की मुहूर्त एक, मांडव एक आणि मानपान दोन्हीकडे बराबर. फेटा, आहेर, पंगत, कशातही तसूभर फरक होणार नाही.

हे दोन हजार साल उलटून गेल्यानंतरचं, तीन-चार वर्षांच्या आतलं. लग्नात पाव्हण्यांना पिंपात कालवलेलं केशरी सरबत द्यायची रीत होती. पण आमचे मामा ट्रक चालवायचे, आमची हळद सांगलीला न्यायचे, तिथून भाडं मिळालं की मुंबईपर्यंत जायचे, आणि मुंबई पाहिलेल्या माणसाला सरबत पुरत नाही. ते आबांना म्हणाले, मानकऱ्यांना थंड्याचे डबे द्या. थंडा आमच्याकडे काचेच्या बाटलीत मिळायचा, पिऊन झालं की बाटली दुकानदाराला परत द्यावी लागायची. पत्र्याचा डबा, अंगठीसारखी कडी ओढली की फुस्स करून उघडणारा, गावातल्या बहुतेकांनी फक्त टीव्हीवर पाहिला होता. आबांना कल्पना आवडली. दोन्हीकडच्या मानकऱ्यांना तेच द्यायचं, म्हणजे बराबरीचा प्रश्नच मिटला.

मामांनी मुंबईत बंदराजवळच्या बाजारातून डब्यांची खोकी घेतली. तिथे परदेशातून आलेला माल मिळायचा. येताना वरून पोती सरकली, अर्धी खोकी चेंगरली आणि उन्हाने तापलेले डबे ट्रकमध्येच फुटले. मामा घरी आले तेव्हा ताडपत्रीला मुंग्या लागल्या होत्या. डबे कमी पडणार म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी माणूस पाठवून उरलेले नांदेडहून मागवले. तीच कंपनी, तोच लाल रंग, तेच वळणदार अक्षर. मागच्या खोलीत सगळे डबे मांडून ठेवले होते आणि हळदीच्या गडबडीत जाता-येता मीही त्यांच्याकडे बघत होते. मला ते सगळे सारखेच दिसले. त्या दिवशी मला सगळंच छान दिसत होतं.

लग्न ऐन मे महिन्यात. वसमतहून बर्फाच्या लाद्या आणल्या, एक पिंप मधोमध कापून त्याचे दोन टब केले. मांडवाच्या डाव्या अंगाला हट्ट्याचे मानकरी, उजव्या अंगाला साखऱ्याचे, आणि ज्याच्या त्याच्या बाजूला ज्याचा त्याचा टब. आम्ही दोघी आत बाशिंगं बांधून बसलो होतो. आक्का मला सारखी पाणी पाज म्हणून करवलीला सांगत होती. स्वतः मात्र पीत नव्हती.

पुढचं मी थोडं ऐकलेलं आणि थोडं दारातून पाहिलेलं सांगते. साखऱ्याच्या वऱ्हाडात एक रिकामा माणूस होता. प्रत्येक वऱ्हाडात असतो, त्याच्याशिवाय लग्न पुरं होत नाही. तो स्वतःचा डबा पिऊन हट्टेकरांच्या बाजूला विडी पेटवायला गेला आणि तिथला एक रिकामा डबा घेऊन परत आला. त्याने दोन्ही डबे जवळजवळ धरले. हट्ट्याचा डबा जरासा उंच होता. म्हणजे नुसतं बघून कळणार नाही, पण शेजारी ठेवला की कळेल इतका.

आबा धावत गेले. हात जोडून सांगू लागले की कंपनी एकच आहे, आत माल एकच आहे. तेव्हा आक्काच्या सासऱ्यांचे म्हातारे चुलते पुढे झाले. निजामाच्या राज्यात शाळा शिकलेले, मराठीपेक्षा उर्दू भराभर वाचणारे. त्यांनी चष्मा लावून हट्ट्याचा डबा फिरवला. त्याच्या एका अंगाला आम्हाला सगळ्यांना नक्षी वाटलेली अक्षरं होती. म्हाताऱ्यांनी त्यातले आकडे मोठ्याने वाचले, तीनशे पंचावन्न. मग कोणीतरी साखऱ्याच्या डब्यावरचे इंग्रजी आकडे वाचले, तीनशे तीस. तरीही कोणीतरी खात्री हवी म्हणून दोन भरलेले डबे फोडले आणि दोन सारख्या पेल्यांत ओतले. सगळा मांडव फेस बसायची वाट बघत उभा राहिला. फेस बसला, आणि साखऱ्याचा पेला बोटभर कमी भरला.

आक्काचे सासरे ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणारा माणूस दमतो आणि बसतो. त्यांनी दोन्ही पेले सतरंजीवर नीट ठेवले. बागायतवाल्याला मोठा आणि कोरडवाहूला बारका, हे सगळ्यांनी पाहिलं आहे, आता मी न पाहिल्यासारखं कसं करू, एवढंच ते आबांना म्हणाले. आबा म्हणाले, मला खरंच माहीत नाही एकाच कंपनीचे डबे लहान-मोठे का असतात. देवाशपथ माहीत नाही.

"मंग ठावं करून घ्या, इवाई," सासरे म्हणाले. "लगीन मोडनारे आमी न्हाई. सून घिऊन जातो. पन डबा बारका काहून व्हता ते कळल्याबिगर ती ह्या उंबऱ्यावर येनार न्हाई."

दोघींवर एकदमच अक्षता पडल्या. निघताना मी चारचौघींसारखी रडले, गाडीत बसल्यावर रडू थांबलं आणि मला नवऱ्याच्या अत्तराचा वास आवडला. आक्का रडली नाही. ती उंबऱ्याकडे बघत होती.

सगळ्यांना वाटलं, महिन्याभरात राग निवळेल. बोललेला शब्द आणि सुटलेला बाण म्हणतात ते खोटं नाही. साखऱ्याला आक्काला कोणी छळत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. पोटभर जेवण होतं, नवरा भला होता, सासरे तिला लेकीसारखं वागवायचे. फक्त माहेराचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जायचे. आखाडात नव्या नवरीला मुराळी न्यायला येतो, मला आला. नागपंचमीला मी कुरुंद्याला होते, दिवाळीला होते. मागच्या खोलीत आमच्या दोघींच्या दोन वाकळा एकावर एक घडी करून ठेवलेल्या असायच्या. मी वरची घ्यायचे आणि खालची तशीच राहायची.

हट्ट्याला तर वेगळाच थाट. माझ्या सासूबाईंनी लग्नातला तो मोठा डबा जपून आणला होता आणि भांड्यांच्या फळीवर, पितळी तांब्याशेजारी उभा केला होता. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, आमचा मान मोठा ठेवला कुरुंदेकरांनी. त्यात चमचे ठेवायचे. रोज सकाळी तो डबा मीच धुवायचे, मीच पुसायचे. एकदा मी तो मुद्दाम पाडला. पत्रा जरा चेपला, एवढंच. सासूबाईंनी तो आतून लाटण्याने ठोकून सरळ केला आणि परत फळीवर ठेवला.

आणि आबा कारण शोधत फिरू लागले. लोक औषध शोधतात, पाणी शोधतात, आमचे आबा डबे लहान-मोठे का असतात ते शोधत होते. वसमतला मोंढ्याच्या बाजारात हळद घातली की ते शीतपेयाच्या दुकानात जाऊन बसायचे. दुकानदार म्हणाला, कंपनी लुटते, दुसरं काय. आबांना ते पटलं नाही, लुटायचं तर दोन्हीकडे लुटेल. मग हिंगोलीला गेले, मग नांदेडला माल पुरवणाऱ्या एजन्सीत गेले. तिथल्या मॅनेजरला आधी ते तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक वाटले. हा माणूस खरंच नुसतं कारण विचारायला आलाय हे कळल्यावर त्याने चहा पाजला आणि समजावून सांगितलं. काही देशांत पूर्वी वेगळं माप चालायचं, औंसाचं. बारा औंसांचा डबा तिथे रुळला आणि तो आपल्या मापात तीनशे पंचावन्न भरतो. दुसरीकडे लिटरचं माप, तिथे लिटरचा तिसरा हिस्सा धरून डबा केला. एकदा यंत्रं त्या मापाची बसली, दुकानातली कपाटं त्या मापाची झाली, की कोणी सहजी बदलत नाही. मामांनी मुंबईहून आणलेले डबे आखाती देशांसाठी भरलेले होते. नांदेडचे इथलेच.

आबांना वाटलं, सुटलो. तसेच ते साखऱ्याला गेले. व्याह्यांनी पाणी दिलं, चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे त्येन्ला भाईरचं, अन् आमाला हितलं."

खरं कारण मिळालं आणि अपमान होता त्याहून मोठा झाला. आबा घरी आले तेव्हा मी तिथेच होते, मला सातवा महिना होता. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि मायला म्हणाले, चहा चांगला होता. मायने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. ती लग्नापासूनच फार बोलत नव्हती. गुडघ्यांचं दुखणं आहे असं आम्ही समजायचो.

माझं बाळंतपण कुरुंद्याला झालं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आत्याने गायलेले पाळणे, सगळं यथासांग. त्याच वर्षी आक्काला मुलगी झाली, ती साखऱ्याला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असलेली रीत. मायने आक्कासाठीही लाडू वळले आणि आबांबरोबर पाठवले. ते तिकडे पोहोचले, खाल्ले गेले. पण रात्री बाळ रडलं की उठायला तिची आई नव्हती. माझी होती. मी मायच्या मांडीला पाय लावून झोपले असताना मला हे आठवायचं आणि मग मला माझ्याच झोपेचा राग यायचा. राग येऊनही मी झोपायचेच.

औंढ्याला शिवरात्रीच्या जत्रेत आम्ही दोघी एकदा भेटलो, तिच्या नवऱ्याने मोठ्या मनाने ती भेट घडवून आणली. भेळ खात बसलो. तिने मायचे गुडघे विचारले, परसातल्या लिंबाला मोहर आला का ते विचारलं, माझ्या बाळाचे दात विचारले. मी रडायला लागले तर म्हणाली, "तुजा काय दोस हाय त्याच्यात." त्या वाक्याने मला एकदम हलकं वाटलं. घरी परत येईपर्यंत त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटायला लागली. कारण तिला माहेर नव्हतं आणि धीरही तीच देत होती.

अशी सहा वर्षं गेली. आबांनी विचारणं सोडलं नाही. सवयच लागली. बाजारात नवा डबा आला की हातात घेऊन फिरवायचे, अंगावरचे आकडे वाचायचे. हळूहळू त्यांना सगळं कळत गेलं, कुठे लोकांच्या खिशाला परवडावं म्हणून डबा लहान करतात, कुठे हातात नीट बसावा म्हणून बारीक आणि उंच करतात, कुठे कायदाच तसा असतो. गावातली पोरं त्यांना डबेवाले आबा म्हणून चिडवायची. ते चिडायचे नाहीत.

मग आक्काच्या नणंदेचं लग्न निघालं, साखऱ्याला. आता तिचे सासरे मुलीचे बाप. आम्हाला रीतीप्रमाणे आमंत्रण आलं. माय घरीच राहते म्हणाली, गुडघे दुखतात. आबा आणि मी गेलो. मुलाकडचे पैनगंगेच्या पलीकडचे, वऱ्हाड प्रांतातले. सासऱ्यांनीही आपल्या ऐपतीबाहेर जाऊन थंड्याचे डबे आणले होते. मला वाटतं, त्या कुरुंद्याच्या मांडवातली सल त्यांनी अशी भरून काढली असावी. पण तोवर बाजारात नवे बारीक, उंच डबे आले होते आणि जुने ठेंगणे डबेही अजून दुकानांत होते. हिंगोलीच्या दोन दुकानांतून माल घेतला, तर एका खोक्यात एक आणि दुसऱ्यात दुसरा. नवरदेवाच्या मामाच्या हातात बारीक डबा आला आणि आतेभावाच्या हातात जाडा. मामा मानाचा. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आमच्यासाठीच बारके डबे शोधून आणले का?

साखऱ्याची जुनी माणसं माझ्या आबांकडे बघू लागली. आक्काचे सासरे बोहल्याशेजारी उभे होते आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. आता कळेल, असं मनात आलं. मग मी आक्काकडे पाहिलं. ती हातातलं अक्षतांचं ताट घट्ट धरून आबांकडे बघत होती. आबांनी आज व्याह्यांना तोंडघशी पडू दिलं असतं तर तिची माहेरची वाट कायमची बंद झाली असती.

आबा उठले. दोन डबे आणि दोन पेले मागितले. नवरदेवाच्या मामांना जवळ बसवून घेतलं आणि ओतायच्या आधीच बोलायला लागले.

"मामा, तुमी पल्याडचे. तुमची पायली अन् आमची पायली कदी एक व्हती का? पैनगंगा वलांडली की माप बदलायचं. म्हून कोन कोनाला कमी लेखलं का? ह्ये बी तसंच हाय. जिथलं तिथलं माप. डबा कंपनीचा हाय, मान मानसाचा हाय."

मग त्यांनी ओतलं. बारीक डब्याचा पेला जाड्यापेक्षा किंचितच कमी भरला. आबांनी आपल्याला मिळालेल्या डब्यातलं थोडं त्यात घातलं आणि तो पेला दोन्ही हातांनी मामांपुढे धरला. म्हातारी माणसं पायल्या, शेर, अधोल्या आठवून बोलायला लागली, कोणाचं माप मोठं होतं यावर हसणं सुरू झालं. मामा प्यायले. लग्न लागलं.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर आक्काचे सासरे आबांजवळ येऊन बसले. बराच वेळ त्यांनी पायाखालच्या अक्षता गोळा केल्या. मग म्हणाले, "सकाळी सूनबाईला घिऊन जा. मला लई दिसापासून म्हनायचं व्हतं. तोंड वळत नव्हतं." आबांनी त्यांचा हात धरला. दोघंही रडले नाहीत, पण हात बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का मुलीला घेऊन आमच्याबरोबर कुरुंद्याला आली. मायने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आक्का उंबरा ओलांडून आत आली आणि आधी चुलीपाशी गेली, मग परसात लिंबाकडे, मग मागच्या खोलीत. तिची वाकळ तिथेच होती. आबा बाहेर ओट्यावर बसून नातीला हळकुंडं मोजायला शिकवत होते.

मायने पत्र्याची पेटी उघडली. आत साड्या होत्या, घडी न मोडलेल्या. दर दिवाळीला माय वसमतहून एकसारख्या दोन साड्या आणायची हे मला माहीत होतं. एक माझी ओटी भरून मला द्यायची. दुसरी आबा साखऱ्याला नेऊन देत असतील असं मी धरून चालले होते. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या अंगावरच्या साडीचं काय करायचं, हा प्रश्न पडला असता.

"माज्या हातानं वटी भरल्याबिगर कशी धाडू," माय म्हणाली. मग तिने साड्या आक्काच्या मांडीवर ठेवल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली, दुखऱ्या गुडघ्यांनी. बराच वेळ ती साड्यांवरून हात फिरवत राहिली.

"मला आदल्या रातीच दिसलं व्हतं," ती म्हणाली. "डबे बर्फात घालायला काडले, तवा. मोटे हट्ट्याच्या टबात घाला म्हून मीच सांगितलं. हिला कोन करून घेत नव्हतं. वाटलं, ऐन वक्ताला ते लोक रुसले तर हिचं काय व्हईल. तुजी काळजी नव्हती मला. तू कुटं बी खपली असती."

हिला म्हणजे मला. मी दाराला टेकून उभी होते. सासूबाईंच्या फळीवरचा तो चेपलेला डबा मला आठवला.

आक्का चिडली नाही असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ती चिडली. आवाज न चढवता चिडली. तिने मांडीवरच्या साड्या खाली ठेवल्या.

"सा वरसं आबा गावोगाव कारन हुडकीत फिरले," ती म्हणाली. "अन् कारन तर घरात व्हतं."

बाहेर हळकुंडं मोजणं थांबलं होतं. आबा आत आले. माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायले, पेला पालथा घातला आणि मायच्या डोक्यावरून क्षणभर हात फिरवून परत बाहेर गेले. नातीला त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. त्यांच्या तोंडून ह्याबद्दल पुढे कधी एक शब्द आला नाही, आणि नवे डबे हातात घेऊन बघणंही त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं.

माय रडत होती. आक्काने थोडा वेळ तिला रडू दिलं. मग तळातली सगळ्यात जुनी साडी उचलली, पहिल्या दिवाळीची, मोरपंखी, आणि झटकून उलगडली. इतकी वर्षं एकाच घडीवर राहिलेली साडी, ती घडीघडीवर चिरली. उभी फाट पडली, पदरापर्यंत.

"तुजी ह्याच रंगाची व्हती ना?" तिने मला विचारलं.

मी म्हणाले, व्हय. फाटली ती.

"नेसून फाटली असंल," आक्का म्हणाली.

मी मान हलवली. ती साडी मी बारशाला नेसले होते, हट्ट्याच्या हळदीकुंकवाला नेसले होते, मग शेतात, मग तिची दुपटी शिवली होती. आक्काने आपली फाटकी साडी तशीच नेसली, फाट निऱ्यांत दडवली, पदर खोचला आणि मायला म्हणाली, ऊठ, चहा टाकते. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि पडता आलं नाही. माझा संसार तिच्या वाट्यातून भरला होता, आणि हे कळल्यावरही त्यातलं काही मी तिला परत देऊ शकत नव्हते. मी चुलीला लागणाऱ्या काटक्या आणायला परसात गेले.